व्हीलचेअर प्रशिक्षणासाठी व्हीआर सिम्युलेटर: जॉयस्टिक, मळमळ आणि खऱ्या खुर्चीशी जुळणी

(ही एका मंचावरची प्रश्नोत्तरं आहेत; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा (प्रश्न)

पॉवर व्हीलचेअर पहिल्यांदाच वापरणाऱ्या प्रौढांसाठी पुनर्वसन विभागात व्हीआर सिम्युलेटर (डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये आभासी जग दाखवून सराव देणारी मांडणी) उभा करायचा आहे. यात पक्षाघात झालेले, मेंदूला मार लागलेले आणि मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेले असे तिन्ही प्रकारचे रुग्ण आहेत. सध्याची मांडणी अशी: केबलने संगणकाला जोडलेला हेडसेट, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला एक आभासी मजला (बोळ, दारं, लिफ्ट, टेबलं) आणि चालवायला साधा गेमपॅड.

अडचणी तीन आहेत. गेमपॅडवर सफाईदार चालवणारा माणूस खऱ्या खुर्चीत पहिल्याच दारात अडकतो. बऱ्याच जणांना आठ-दहा मिनिटांत मळमळतं. आणि याच सेटअपवर हाताने ढकलायची खुर्चीही रोलरवर (चाकं जागच्या जागी फिरू देणारे दंडगोल) चढवायची आहे, तर रोलर किती जड ठेवायचे, एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) कुठे बसवायचा याचा हिशोब हवा आहे. रोलरवर चढाचा सरावही करून घेता आला तर उत्तम.

काटकोन

पहिल्या अडचणीचं मूळ गेमपॅडमध्येच आहे. ती काठी अंगठ्याच्या टोकाने हलते. खुर्चीची जॉयस्टिक मनगटाने आणि कोपरापुढच्या हाताने हलते, आणि तेव्हा हात आर्मरेस्टवर टेकलेला असतो. म्हणजे ज्या हालचालीवर पुढे सगळं अवलंबून आहे तिचा सराव झालेलाच नाही.

हॉल-इफेक्ट प्रकारची (चुंबकाच्या आधारे हालचाल ओळखणारी) औद्योगिक जॉयस्टिक घ्या, तिच्यावर त्या माणसाच्या खुर्चीवर असतो तसाच नॉब बसवा (गोळा, टी आकाराचा किंवा वाटीसारखा), आणि क्लॅम्पने आर्मरेस्टच्या त्याच उंचीला, त्याच अंतरावर लावा. एटीमेगा ३२यू४ चिपचा कुठलाही छोटा बोर्ड, त्यात तसा प्रोग्रॅम टाकला की, यूएसबीवर गेम कंट्रोलर म्हणून ओळखला जातो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बोर्डाचं वाचन १० बिटांचं म्हणजे ० ते १०२३. जॉयस्टिक ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारी असेल तर वापरातला पल्ला साधारण १०२ ते ९२२ आणि मध्य ५१२ च्या आसपास येतो. हा मध्य गृहीत धरू नका. चालू करताना नॉबला हात न लावता शंभर वाचनं घ्या आणि त्यांची सरासरी मध्य म्हणून साठवा.

इथे एक चूक हमखास होते. युनिटीच्या जुन्या इनपुट मॅनेजरमध्ये जॉयस्टिकच्या अक्षाला डेड झोन (मध्याजवळचा, जिथली हालचाल धरलीच जात नाही तो पट्टा) मुळातच ०.१९ असतो. त्यात बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये आपण आणखी ५ टक्के टाकतो. परिणाम असा की नॉब जवळजवळ पाव पल्ला सरकेपर्यंत खुर्ची ढिम्म हलत नाही आणि मग एकदम उडी मारते. शिकणारा माणूस डावीकडे थोडं दाबतो, काही होत नाही म्हणून आणखी दाबतो, खुर्ची झपकन वळते, तो घाबरून उजवीकडे ओढतो. पडद्यावर दिसते ती नागमोडी चाल, आणि बघणाऱ्याला वाटतं हाताला नियंत्रण नाही. डेड झोन एकाच ठिकाणी ठेवा, शक्यतो बोर्डावर, आणि युनिटीतला शून्य करा.

हाताला कंप आहे म्हणून सिग्नल गुळगुळीत करण्याचा मोहही आवरा. ९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे चित्रं) दहा फ्रेमची सरासरी घेतली की सुमारे ५० मिलिसेकंदांचा उशीर आयताच लागतो. खऱ्या खुर्चीच्या कंट्रोलरमध्ये कंप दाबण्याची सेटिंग असते, तेवढीच इथे ठेवा.

आता खुर्चीचं गणित. वळण हा वेगळा अक्ष मानून कॅमेरा फिरवू नका. डाव्या आणि उजव्या चाकाचे वेग वेगळे काढा: दोन्हींची सरासरी हा पुढे जाण्याचा वेग, दोन्हींतला फरक भागिले चाकांमधलं अंतर हा वळण्याचा वेग. चाकांत ५५ सेंमी अंतर असेल आणि वेगांत २९ सेंमी प्रतिसेकंद फरक असेल तर खुर्ची सेकंदाला सुमारे ३० अंश वळते. युनिटीच्या तयार व्हील कोलायडरपेक्षा हे साधं सूत्र जास्त भरवशाचं आहे. तो कोलायडर मोटारगाडीच्या चाकासाठी बनलेला आहे, मोकळी फिरणारी छोटी चाकं, म्हणजे कॅस्टर, त्याला नीट झेपत नाहीत.

आणि ही खुर्ची कुठल्या बिंदूभोवती फिरते ते खऱ्या खुर्चीप्रमाणेच ठेवा. दारात अडकण्याचं दुसरं कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. समजा खुर्ची ६५ सेंमी रुंद आहे आणि दार ८० सेंमी. दोन्ही बाजूंना उरले साडेसात सेंमी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या खुर्चीत पाय आसाच्या साधारण ८५ सेंमी पुढे असतात. खुर्ची फक्त १० अंश वळली की पाय १५ सेंमी बाजूला जातात, म्हणजे मोकळ्या जागेच्या दुप्पट. तुमच्या सिम्युलेटरमध्ये खुर्ची बसणाऱ्याच्या डोक्याखालच्या बिंदूभोवती फिरत असेल (कॅमेऱ्याला जोडलेल्या बहुतेक नमुन्यांत असंच असतं), तर ती प्रत्यक्षात मधल्या चाकांवर चालणारी खुर्ची झाली. तिथे शिकलेलं वळण मागच्या चाकांच्या खुर्चीत उशिरा पडतं किंवा लवकर पडतं, आणि फूटरेस्ट चौकटीला आदळतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या खुर्चीत उलटं होतं, तिथे मागचा भाग बाहेर झुकतो.

तोलमाप

मळमळीबद्दल. डोळ्यांना वळण दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला काहीच जाणवत नाही, हा विरोध मूळ कारण आहे. सरळ जाण्यापेक्षा जागच्या जागी वळणं कितीतरी जास्त त्रास देतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन बैठकांत वळण्याचा वेग सेकंदाला २० ते ३० अंशांवर रोखा आणि लांब, सरळ बोळ द्या. जागेवर वळण्याचा सराव नंतर.

यंत्राच्या बाजूने: डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत हवा. ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झला १३.९. सरासरी फ्रेम दर पाहून फसू नका. अधूनमधून एखादी फ्रेम चुकली की तो झटका पोटाला कळतो. दवाखान्याच्या मजल्यावर चकचकीत फरशीची प्रतिबिंबं आणि प्रत्येक फ्रेमला नव्याने काढल्या जाणाऱ्या सावल्या हे संगणकाला सगळ्यात महाग पडतं. ते काढून टाका, शिकण्यात काही कमी होत नाही.

आदळल्यावर कॅमेरा हलवणं, उडवणं पूर्ण बंद. ठोका ऐकवा, आणि जमलं तर सीटखाली कंप देणारा छोटा शेकर लावा. चित्र फक्त थांबलं पाहिजे.

वळताना दृष्टीच्या कडा काळ्या करण्याची युक्ती मळमळ कमी करते हे खरं, पण व्हीलचेअर शिकताना कडेचं दिसणंच तर महत्त्वाचं असतं. चौकट, टेबलाचा कोपरा, बाजूने येणारं माणूस, सगळं कडेलाच. पहिल्या दोन बैठकांपुरती वापरा आणि मग काढा.

वेळ: पहिली बैठक ५ मिनिटांची. पुढे १० ते १५, मध्ये हेडसेट काढून विश्रांती. लाळ सुटणं, घाम, वारंवार गिळणं, बोलणं एकदम कमी होणं, यांतलं काही दिसलं की तिथेच थांबवा. 'थोडं सहन करा, सवय होईल' हा सल्ला इथे चुकीचा आहे. एकदा जोरात मळमळलं की तो माणूस पुन्हा हेडसेट लावायला तयार होत नाही. नोंदीसाठी १९९३ सालची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली आहे, १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३. बैठकीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्या. मेंदूला मार लागलेल्यांना काही लक्षणं आधीपासूनच असतात, आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही.

एक बारीक गोष्ट राहते ती डोळ्यांच्या उंचीची. हेडसेटला फरशीची पातळी चुकीची समजली तर बसलेल्या माणसाला उभ्या माणसासारखं दिसतं आणि सगळ्या वस्तू छोट्या वाटतात. टेपने फरशीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजा, बहुधा ११५ ते १२५ सेंमी येईल, आणि तोच आकडा घाला.

उंबरठा

डेड झोन तपासला, ०.१९ तसाच होता आणि बोर्डावर वेगळा टाकायचा विचार चालू होता. फिरण्याचा बिंदूही डोक्याखालीच आहे. दोन्ही बदलतो. वेग आणि प्रवेग किती ठेवायचे? आणि हेडसेटमध्ये अंतरं कमी वाटतात असं वाचलं आहे, त्याचं काय करायचं?

काटकोन

वेग-प्रवेग मनाने ठरवू नका. त्या माणसाला जी खुर्ची मिळणार आहे तिच्या कंट्रोलरमधले आकडे तंत्रज्ञाकडून मागून घ्या: पुढचा वेग, मागचा वेग, वळण्याचा वेग, वेग वाढण्याचा दर, वेग कमी होण्याचा दर. तेच सिम्युलेटरमध्ये भरा. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं हे दाखवायला हे आकडे फार उपयोगी पडतात. वेग कमी होण्याचा दर १.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरला तर ०.६ मीटर प्रतिसेकंदाने जाणारी खुर्ची नॉब सोडल्यावर १५ सेंमीत थांबते, दीड मीटर प्रतिसेकंदाने जाणारी ९४ सेंमीत. घरातल्या सरावाला ०.३ ते ०.५ मीटर प्रतिसेकंद पुरे.

अंतराबद्दल: हो, हेडसेटमध्ये माणसं अंतर खऱ्यापेक्षा कमी धरतात. उपाय म्हणजे मोजायला काहीतरी देणं. स्वतःचे गुडघे, पाय, फूटरेस्ट, आर्मरेस्ट आणि जॉयस्टिकवरचा हात दिसलाच पाहिजे. नुसता हवेत तरंगणारा कॅमेरा असेल तर चौकटीशी तुलना करायला काही उरत नाही. फूटरेस्टची लांबी प्रत्यक्ष मोजून घाला, १० सेंमीचा फरकही दारात नडतो.

जे जवळजवळ सगळ्या सिम्युलेटरमध्ये राहून जातं ते म्हणजे कॅस्टर. पुढे जाऊन थांबलेली खुर्ची मागे घेतली की छोटी चाकं अर्धा फेरा फिरतात आणि त्या क्षणी खुर्ची एका बाजूला हिसका देते. लिफ्टमधून उलटं बाहेर पडताना हाच हिसका भिंतीला लावतो. प्रत्येक कॅस्टरचा कोन साठवा आणि तो दिशेशी जुळेपर्यंत, पहिल्या १५-२० सेंमीत, वळण्याचा थोडा जोर मिसळा. कॅस्टर जितका वाकडा तितका जोर. भौतिकशास्त्र म्हणून ही कामचलाऊ मांडणी आहे, पण 'मागे घेताना आधी जरा थांब, हळू सुरू कर' ही सवय तिने लागते.

आरा

रोलरचा हिशोब. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. खऱ्या जमिनीवर ढकललं की हे ९० किलो गतीत येतात. रोलरवर फक्त चाक आणि रोलर फिरतात. म्हणून रिकामे रोलर भिंगरीसारखे पळतात आणि हात सुटल्यावर लगेच थांबतात. ढकलण्याची लय पूर्ण बिघडते. ही उणीव फ्लायव्हीलने (रोलरसोबत फिरणाऱ्या जड तबकडीने) भरायची.

प्रत्येक बाजूला ४५ किलोंचा भार आला. रोलरची त्रिज्या ५ सेंमी असेल तर लागणारं जडत्व ४५ गुणिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ०.११२५ किलो-मीटर वर्ग. रोलरच्याच दांड्यावर ३० सेंमी व्यासाची भरीव लोखंडी तबकडी लावली तर तिचं वजन १० किलो हवं. दोन बाजूंना दोन. तबकडीवर पक्कं आवरण लागतंच. तिच्यात साठलेली ऊर्जा चालत्या खुर्चीएवढी आहे, आणि खुर्चीवर बसलेल्याची बोटं, पट्टे, केबल सगळं जवळ असतं. हेडसेटची केबल वरून, डोक्यामागून आणा. चाकांच्या बाजूने कधीच नको.

डाव्या आणि उजव्या चाकाचे रोलर वेगळे ठेवा, एकाच दांड्यावर नको, नाहीतर वळताच येणार नाही. सरळ जाण्याचं जडत्व असं जुळवलं की वळण्याचं जडत्व आपोआप ठरतं आणि ते खऱ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. फ्लायव्हीलच्या रचनेत ही तडजोड स्वीकारावी लागते; दोन्ही हवी असतील तर मोटर लावलेले रोलर.

एन्कोडर रोलरच्या दांड्यावर. ६०० पल्सचा, दोन्ही चॅनलच्या चारही कडा मोजल्या की एका फेऱ्याला २४०० मोजणी. १० सेंमी व्यासाच्या रोलरचा परीघ ३१४ मिमी, म्हणजे एक मोजणी ०.१३ मिमी. गरजेपेक्षा बारीकच आहे. टायर रोलरवर घसरतो का हे पाहायचं तर चाकावर एक चुंबक आणि सेन्सर लावून फेरे पडताळा. २४ इंची चाकाचा परीघ सुमारे १.९१ मीटर आहे. हवा कमी असली किंवा टायरवर धूळ असली की आकडे जुळत नाहीत.

घर्षण जुळवायला सोपी चाचणी: त्याच माणसाला त्याच खुर्चीत सपाट फरशीवर १ मीटर प्रतिसेकंदाला आणून सोडा आणि थांबेपर्यंतचा वेळ मोजा. मग रोलरवर तेच. फरशीवर ८ सेकंद आणि रोलरवर ३ येत असतील तर रोलरची बेअरिंग जड आहेत किंवा टायर रोलरमध्ये जास्त रुततोय. छोट्या रोलरवर टायर अधिक दबतो, त्यामुळे मोठा रोलर कधीही बरा. पण मग वरचं जडत्वाचं गणित नव्या त्रिज्येने पुन्हा करा. पुढचे कॅस्टर मागच्या चाकांच्या पातळीला फळीवर उचला, नाहीतर माणूस मागे कलून बसतो. चार कोपऱ्यांना पट्टे आणि मागे न उलटण्यासाठीची छोटी चाकं, दोन्ही आवश्यक.

चढाचा सराव मात्र फ्लायव्हीलच्या रोलरवर देऊ नका. ब्रेक लावून चढ जड करता येतो, ५ अंशांच्या चढावर ९० किलोंना मागे ओढणारा जोर सुमारे ७७ न्यूटन असतो, तेवढा ब्रेक लावणं अवघड नाही. पण खऱ्या चढावर हात सोडला की खुर्ची मागे घसरते. ब्रेकच्या रोलरवर ती शहाण्यासारखी उभी राहते. शिकणाऱ्याच्या हातात 'सोडलं तरी चालतं' ही सवय बसते, आणि ती माणसाला पाडू शकते. पुढची चाकं उचलून तोल धरण्याचा सरावही इथे नको. तो खऱ्या खुर्चीत, मागे पट्टा धरलेला माणूस ठेवूनच.

रोलरचा खरा उपयोग ढकलण्याची पद्धत सुधारण्यात आहे: कमी वेळा पण लांब, सलग ढकलणं, आणि परत येताना हात चाकाला लागून असलेल्या ढकलायच्या रिंगच्या खालून नेणं. खांदे वाचवण्यासाठी हेच सांगितलं जातं. मिनिटाला किती ढकलणी आणि एका ढकलणीत किती अंतर हे दोनच आकडे त्याच्यासमोर दाखवा. जास्त आकडे दाखवले की लक्ष रस्त्यावरून उडतं.

सावकाश

सुरक्षेचं थोडं, कारण वर आलेलं नाही.

स्वतःच्या पॉवर खुर्चीत बसूनच सराव होणार असेल तर तिची वीज बंद आणि खरी जॉयस्टिक बाजूला वळवलेली. हेडसेट लावलेला माणूस चाचपडत खरा नॉब पकडतो, हे गृहीत धरूनच चालायचं. उशी त्याची स्वतःचीच हवी आणि दाब कमी करण्याचं वेळापत्रक बैठकीतही पाळायचं. खेळात रमलेला माणूस हलायचं विसरतो आणि संवेदना नसलेल्याला त्वचा आठवण करून देत नाही. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर अचानक डोकेदुखी किंवा चेहऱ्यावर घाम आल्यास ती मळमळ समजू नका. हेडसेट काढा, ताठ बसवा, रक्तदाब पाहा, मूत्राची नळी मुडपली आहे का ते पाहा.

पेसमेकर, चुंबकाने जुळवला जाणारा मेंदूतला शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी), श्रवणयंत्र, फिट्सचा इतिहास, हे आधी विचारायचं आणि डॉक्टरांची संमती घ्यायची. मान कमकुवत असेल तर अर्धा किलोचा हेडसेट हा लहान भार नाही, आणि मागचा पट्टा हेडरेस्टवर अडकून डोकं पुढे ढकलतो. अशा वेळी तीन मॉनिटर अर्धवर्तुळात लावा. आभास कमी होतो पण मळमळही कमी, आणि प्रशिक्षकाला चेहरा दिसतो.

उंबरठा

तीन मॉनिटरचा पर्याय मानेच्या इजावाल्यांसाठी लगेच करता येईल. शेवटचं एक: सिम्युलेटरवर किती सराव पुरे, आणि खऱ्या खुर्चीत कधी न्यायचं?

तोलमाप

तासांवर नको, कामावर ठरवा. दृश्यांसाठी नव्याने डोकं खाजवू नका. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठाच्या व्हीलचेअर स्किल्स प्रोग्रॅमची पुस्तिका मोफत मिळते, त्यात दार, ५ आणि १० अंशांचे चढ, २ सेंमीचा उंबरा, १५ सेंमीची खाच अशी मोजमापांसकट कौशल्यं आहेत. त्यांतली सपाट जमिनीवरची सिम्युलेटरमध्ये घ्या, बाकीची खऱ्या खुर्चीत.

एक दृश्य सलग तीनदा न आदळता जमलं की त्याच आठवड्यात तेच काम खऱ्या खुर्चीत, कमी वेगावर, प्रशिक्षक शेजारी चालत. पुढचं दृश्य त्यानंतर. सगळी दृश्यं संपवून मग खुर्ची, असा क्रम ठेवला तर माणूस सिम्युलेटरचाच पटाईत होतो.

प्रत्येक फेरीत चार गोष्टी फाइलमध्ये साठवा: आदळणं कुठे आणि किती वेगाने, नॉबची दिशा किती वेळा उलटली, किती वेळा पूर्ण थांबला, आणि डोक्याचा कोन. शेवटचा आकडा फक्त हेडसेटच देतो आणि तो सोन्यासारखा आहे. पक्षाघातानंतर डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणारा माणूस दारापर्यंत व्यवस्थित येतो आणि डावी चौकट घासतो. तो सांगतो, 'मी बघितलं होतं.' नोंद उघडली की दिसतं, शेवटच्या दोन मीटरांत डोकं एकदाही डावीकडे वळलेलं नाही. ती रेघ त्यालाच दाखवा. मग दाराच्या डाव्या कडेला रंगीत पट्टी लावा, ती दिसेपर्यंत दार उघडणार नाही असं दृश्य करा, आणि पट्टी हळूहळू फिकी करत न्या. खऱ्या दाराच्या डाव्या चौकटीलाही पहिले काही दिवस त्याच रंगाची चिकटपट्टी लावा.

काटकोन

चिकटपट्टीला सहमत. फक्त ती फूटरेस्टच्या उंचीला नको, डोळ्यांच्या उंचीला लावा. खाली लावली की माणूस पायांकडे बघत चालवायला लागतो आणि मग मान वळतच नाही.